बुरुजातली खोली

माझी आत्या भूगोलाची शिक्षिका होती. ३१ वर्षे तिने लातूरच्या एका शाळेत फळ्यावर राजस्थानचा नकाशा काढला, त्याच्या डाव्या अंगाला खडूने टिंबे टिंबे दिली, त्यावर 'थरचे वाळवंट' असे लिहिले आणि तास संपल्यावर ते पुसून टाकले. प्रत्यक्षात तिने पाहिलेले वाळवंट एकच, पंढरपूरचे. सेवानिवृत्तीच्या समारंभात मिळालेली शाल घडी करून कपाटात ठेवता ठेवता ती मला म्हणाली, "एकदा खरं वाळवंट बघून येऊ. तू चल सोबतीला. तुझा इतिहास, माझा भूगोल."

म्हणून गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दोघी जैसलमेरला गेलो. आत्याची अट एकच होती. हॉटेलात उतरायचे नाही, कुणाच्या तरी घरात उतरायचे. तशी सोय तिथे आहे. औसा आणि उदगीर हे आमच्या बाजूचे किल्ले मी पाहिले आहेत. दिवसा तिथे शाळांच्या सहली येतात, मुले भिंतींवर नावे कोरतात, आणि संध्याकाळनंतर तिथे वटवाघळांचे राज्य असते. जैसलमेरचे तसे नाही. रावल जैसल या भाटी राजाने ११५६ साली त्रिकूट टेकडीवर हा किल्ला बांधला, आणि आजही तिथल्या चुली विझलेल्या नाहीत. तटाच्या आत गल्ल्या आहेत, देवळे आहेत, शिंप्याचे दुकान आहे आणि काही हजार माणसे आपापले संसार करीत आहेत. त्यांतल्या कितीतरी घरांनी आपल्या चार-दोन खोल्या पाहुण्यांसाठी मोकळ्या केल्या आहेत. अशाच एका घरातली, थेट बुरुजाच्या पोटातली एक खोली आम्ही तीन रात्रींसाठी घेतली.

जोधपूरहून रात्रीच्या गाडीने निघालो आणि पहाटे अंधारातच उतरलो. नोव्हेंबरातच तिथे पहाटे चांगले झोंबते. रिक्षा किल्ल्याच्या पायथ्याशी आली तेव्हा वर नुसता काळा आकार दिसत होता. मग एकामागून एक दरवाजे लागले. अखै पोळ, सूरज पोळ, गणेश पोळ, हवा पोळ. दरवाजा याला तिकडे पोळ म्हणतात. आम्हां मराठी माणसांना त्या शब्दाने भलतीच आठवण होते. वाट प्रत्येक दरवाजाशी वळते, शत्रूच्या हत्तीला धावून धडक मारता येऊ नये म्हणून. आमच्या रिक्षालाही ती मारता आली नाही. चढावर दोनदा बंद पडली आणि शेवटचा टप्पा आम्ही बोचकी उचलून पायीच गाठला.

उजाडले आणि आत्या एकदम थांबली. दगड हळूहळू पिवळा होत होता. सोन्याचा किल्ला म्हणतात ते मी पुस्तकात वाचले होते, आणि सत्यजित राय यांच्या १९७४ सालच्या 'सोनार केल्ला' या चित्रपटामुळे बंगाली प्रवाशांची इथे रीघ लागते हेही ऐकले होते. वाचलेल्या सोन्याचा मला फारसा भरवसा नसतो. पण त्या सकाळी खरोखरच भिंत, पायरी, गायीची पाठ, झाडूवालीचा हात, सगळ्यांवर एकच हळदीचा रंग चढला होता. आत्या म्हणाली, "वालुकाश्म." एवढेच. ३१ वर्षांनी तिला तो शब्द हाताने चाचपता आला.

घराच्या दाराशेजारी भिंतीवर गणपती रंगवलेला होता, आणि त्याखाली नवरानवरीची नावे व लग्नाची तिथी. तिकडची ही रीतच आहे. घरात लग्न निघाले की गणपतीसह आमंत्रण भिंतीवरच रंगवतात. तिथी दोन वर्षांपूर्वीची होती. मालकांनी दार उघडले, हात जोडले आणि मला त्या गणपतीकडे पाहताना बघून म्हणाले, "मुलाचं लग्न झालं तेव्हाचा आहे. पुसत नाही आम्ही. उन्हानं जाईल तेव्हा जाईल." हे अर्थात हिंदीत. आत्याला ते बहनजी म्हणत, मला बेटा.

खोलीचे वर्णन केल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही. दार इतके ठेंगणे की आत जाताना मान आपोआप लवते. भिंती हातभर नव्हेत, चांगल्या पुरुषभर जाडीच्या. भिंतीत कोनाडे, त्यांत पितळेचा दिवा आणि कुणा पाहुण्याने सोडून दिलेली एक इंग्रजी कादंबरी. वर लाकडी तुळया, त्यांवर बोरूंची चटई आणि त्याच्यावर मातीचा जाड थर. आमच्याकडच्या माळवदाची ती सख्खी बहीणच. बुरुजाच्या गोलाईप्रमाणे एका अंगाची भिंत वळलेली, आणि त्या वळणात एक झरोका. झरोक्यात गादी आणि दोन तक्के. तिथे बसले की खाली अख्खे शहर आणि त्यापलीकडे आत्याची टिंबे टिंबे. रात्री रजई अंगावर घेतली की बाहेरचा काही आवाज नाही, फक्त आपल्याच श्वासाचा. माझ्या वसतिगृहाच्या खोलीत चौघीजणी राहतात. एवढी शांत झोप मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

घरात मालक, मालकीणबाई आणि मालकांची आई. सगळे तिला दादीसा म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. वय ऐंशीच्या घरात. दिवसभर ती अंगणातल्या खाटेवर बसून केर निवडत असे. केर म्हणजे आपल्या बोरांहूनही लहान, हिरवी, आंबटतुरट फळे. ती आणि खेजडीच्या वाळलेल्या शेंगा, म्हणजे सांगरी, यांची मिळून भाजी होते. बाजरीची भाकरी, ही भाजी आणि कढी असे पहिल्या दुपारचे जेवण. आत्याने भाकरी हातावर थापून दाखवली तेव्हा दादीसाने तिच्या मनगटाला धरून काहीतरी सुधारणा केली, आणि मग दोघींचे जे जमले ते जमलेच. एक मारवाडी बोलत होती, दुसरी लातुरी हिंदी. कुणाचे कुणावाचून अडत नव्हते.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळे लिहायला घेतले ती सांगते.

न्हाणीघरात फवारा होता, पण त्याची तोटी काढून तिथे लाकडी खुंटी ठोकलेली होती. खाली एक नळ, एक बादली, एक तांब्या. मालकांनी पहिल्याच दिवशी अतिशय अवघडून सांगितले, "एकेकीला एक बादली पुरेल ना? नळ आहे, पाणी येतं, पण... थोडं सांभाळून."

मला हसू आले. बादलीभर पाण्याची गोष्ट कुणाला सांगताय? आम्ही लातूरचे. २०१६ साली मी पाचवीत होते. मार्चमध्ये पाणी भरण्याच्या जागी भांडणे होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावली गेली, आणि एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आले. पहिल्या गाडीला १० टाक्या होत्या, ५ लाख लिटर पाणी. आई, आत्या आणि मी घागरी घेऊन रांगेत उभ्या राहत होतो. भांडी धुतलेले पाणी झाडाला, अंघोळीचे पाणी संडासाला, हा आमच्या घरचा पाढा होता. तेव्हा वाळवंटात पाणी जपून वापरा म्हणतात यात नवल ते काय, असे मला वाटले आणि तसे मी थोड्या ऐटीत बोलूनही दाखवले.

मालक म्हणाले, "नाही बेटा. पाणी कमी आहे म्हणून नाही सांगत. पाणी जास्त झालंय म्हणून सांगतो."

ते आम्हांला खालच्या कोठारात घेऊन गेले. तिथे बुरुजाचा पायाकडचा भाग दिसतो. दिव्याच्या उजेडात पाहिले, तर कमरेच्या उंचीपर्यंत भिंत ओली, काळपट, आणि तिच्यावर पांढरा लोणा फुटलेला. बोट लावले की पिवळ्या दगडाचे पीठ होऊन बोटाला येई. एके ठिकाणी चिरा पुढे सरकला होता आणि फटीत काच चिकटवलेली होती. काच तडकली की भिंत हलली असे समजायचे. काच तडकलेली होती. मालक त्यावर काही बोलले नाहीत, आणि आम्हीही विचारले नाही.

मग आत्याने मला त्या कोठारातच तास घेऊन समजावले. टेकडी म्हणजे काही एकसंध कातळ नाही. वालुकाश्म, खाली मातीचे मऊ थर, मधे गोटे, असा तो थरांचा डाव आहे. वर्षाकाठी जिथे २०० मिलिमीटरसुद्धा पाऊस धड पडत नाही, तिथे हे चालून जाते. शतकानुशतके गडावर पाणी चढत होते ते बायकांच्या डोक्यावरून. डोक्यावरून आणलेले पाणी कुणी सांडत नाही. जे थोडे सांडे ते दगडी नाल्यांतून वाहून किंवा उन्हाने उडून जाई. गेल्या शतकाच्या उत्तरार्धात नळ आले, मग प्रवासी आले, मग प्रवाशांसाठी न्हाणीघरे आणि शौचकूप आले. सांडपाण्याचे नळ गळतात, पाणी टेकडीत मुरते, मातीचा थर फुगतो, आणि वरचे चिरे सरकतात. न्यूयॉर्कच्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने १९९६ साली धोक्यातल्या वास्तूंची पहिली यादी काढली तिच्यात हा किल्ला होता. १९९८ साली बाहेरच्या भिंतीचा एक भाग कोसळून माणसे दगावली. २०१३ साली राजस्थानातल्या आणखी पाच डोंगरी किल्ल्यांबरोबर त्याला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, आणि २०२४ च्या ऑगस्टात पावसात तटाचा काही भाग पुन्हा ढासळला. ९९ बुरुजांचा हा किल्ला. तोफांना टक्कर दिलेला. तटावर अजूनही शत्रूच्या डोक्यावर लोटायचे मोठमोठे दगडी गोळे मांडून ठेवलेले आहेत. आणि आता त्याला शत्रू कोण, तर बादली.

म्हणजे आम्ही. हे कोठारातून वर येताना माझ्या लक्षात आले, आणि रजईतली ती गाढ झोप मला थोडी महाग वाटू लागली.

दुसऱ्या दिवशी आम्ही गडीसर तलावावर गेलो. चौदाव्या शतकातला हा तलाव, गडापासून पायी पंधरा-वीस मिनिटांच्या अंतरावर. नळ येईपर्यंत गावाचे पिण्याचे पाणी इथलेच. आता तिथे रंगीत होड्या फिरतात. दादीसा सोळाव्या वर्षी लग्न होऊन गडावर आली, तेव्हा सकाळी दोन खेपा आणि संध्याकाळी एक असा तिचा नेम होता. डोक्यावर दोन घागरी, चारही पोळींचा चढ, आणि पायांत चांदीचे वाळे. सणाला एक खेप जास्त. हे तिने मोठ्या दुःखाने सांगितले असेल असे कुणाला वाटेल, तसे नाही. तलावाच्या पायऱ्यांवर बायकांचे दिवसाचे सगळे बोलणे होई. "नळ आला आणि आम्ही घरात कोंडलो," असे ती म्हणाल्याचे मालकीणबाईंनी आम्हांला समजावून सांगितले. लगेच त्यांनी पुढे जोडले, "पण त्यांचं ऐकू नका. गुडघे गेलेत त्यांचे त्याच चढानं."

त्याच दुपारी आम्ही सममध्ये वाळूच्या टेकड्या पाहायला गेलो. उंटावर बसलो, फोटो काढले, इतर सगळे करतात ते केले. त्याबद्दल लिहिण्यासारखे माझ्यापाशी काही नाही. आत्या मात्र वाळूत अनवाणी उभी राहिली आणि बराच वेळ हलली नाही. परत आलो तेव्हा रात्र झाली होती. केसांत, कानांत, पापण्यांत वाळू. आत्या जेवायला गेली आणि मी न्हाणीघरात.

एका बादलीत केस निघेनात. दुसरी भरली. ऊन पाणी होते, बाहेर थंडी होती. तिसरी भरली. मी लातूरची, हे मला त्या वेळी आठवले नाही असे नाही. आठवले. पण नळाला पाणी येत होते, आणि येत असलेले पाणी थांबवणे ही रांगेत उभे राहण्यापेक्षा अगदी वेगळी गोष्ट आहे, हे मला तेव्हाच कळले. टंचाईत आपण काटकसर करतो तिच्यात आपले काही कर्तृत्व नसते, पाणीच नसते. चौथी बादली अंगावर घेतली आणि नळ बंद केला, तेव्हा भिंतीच्या आतून आवाज आला. पाणी खाली जात होते. कुठूनसे खळखळत, मग थबकत, मग थेंब थेंब. पुरुषभर जाडीच्या भिंतीत तो आवाज कितीतरी वेळ चालू होता.

केस पुसत बाहेर आले तर आत्या झरोक्यात बसलेली. तिने काही विचारले नाही. फक्त म्हणाली, "चार ना?"

मी "हो" म्हटले.

गच्चीवर जेवायला त्या रात्री आणखी एक जोडपे होते, एका मोठ्या शहरातून आलेले. ते मालकांशी वाद घालीत होते. एवढे पैसे घेता आणि साधा फवारा देत नाही? आम्ही फोनवर लिहू, मग बघा कोण येते ते. मालक हात जोडून समजावीत होते. मला त्या जोडप्याचा राग यायला हवा होता. पण माझे केस अजून ओले होते, आणि मी ताटात पाहत राहिले. सकाळी उठून पाहते तो वरच्या खोलीतून फवाऱ्याचा आवाज येत होता. मालकांनी खुंटी काढून दिली होती.

चहाच्या वेळी आत्याने त्यांना सरळ विचारले, "असं का केलंत?" शिक्षिकेची सवय. मालक थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "बहनजी, सीझन चार महिन्यांचा. वाईट लिहिलं तर पुढचे पाहुणे येत नाहीत. पाहुणे नाही आले तर भिंत दुरुस्त करायला पैसा कुठला? आणि आले तर..." पुढचे वाक्य त्यांनी हातानेच पुरे केले, भिंतीकडे बोट दाखवून. दुरुस्तीसाठी सुद्धा परवानग्या लागतात, कागद लागतात, त्यात वर्षे जातात. मुलगा कंटाळून लग्नानंतर खाली शहरात राहायला गेला. तिथे त्याने नवे घर बांधले आहे, त्यातही पाहुण्यांच्या खोल्या काढल्या आहेत.

आत्याने परतीच्या तयारीत मला एक प्रश्न विचारला. "पैसे देऊन आलेला पाहुणा हा पाहुणा, की गिऱ्हाईक?" मी म्हटले, गिऱ्हाईक. "मग गिऱ्हाइकाला भाकरी थापायला कोण शिकवतं?" मला उत्तर सुचले नाही. अजूनही सुचलेले नाही, आणि इतिहासाच्या पेपरात हा प्रश्न येण्याची भीती नसल्यामुळे मी तो तसाच ठेवला आहे. किल्ला टिकावा म्हणून माणसांनी खाली जावे, असे म्हणणारे जाणकार आहेत. त्यांचे म्हणणे चूक आहे असे ते कोठार पाहिल्यावर मला म्हणवत नाही. आणि माणसे गेली तर इथेही वटवाघळे येतील, हे मी औशाला पाहिलेले आहे.

शेवटच्या सकाळी आम्ही दोघींनी मिळून एक बादली घेतली. त्याने काय होणार होते, काही नाही. पण आत्याने तांब्याने मोजून पाणी घेतले आणि मोजून मला दिले, २०१६ साली देत असे तसेच.

निघताना मालकांनी पैसे घेतले आणि पावती दिली. पावतीच्या मागे त्यांनी मुलाच्या घराचा पत्ता लिहिला. म्हणाले, "पुढच्या वेळी तिथं उतरा. फवारा आहे, ऊन पाणी आहे, हवं तेवढं नहा. काही होत नाही. तिथून गड पण छान दिसतो."

दादीसाला ते ऐकू गेले असावे. खाटेवरून तिने आत्याला हाक मारली, मूठभर वाळलेली सांगरी कागदात बांधून तिच्या पिशवीत टाकली आणि एक वाक्य म्हणाली. या खेपेला समजावून सांगायला मालकीणबाई जवळ नव्हत्या, पण ते आम्हांला कळले. पुढच्या वेळी वरच या, असे ती म्हणत होती.

आम्ही "हो" म्हटले, दोघांनाही.